घरामागे किती

कोष्टीपुऱ्यात परकी चप्पल वाजली की अनुसयेला ती चार घरं आधी ऐकू यायची. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी दारात बँड येऊन उभा राहिला तरी ही बाई पाट्यावरची मिरची वाटून झाल्याशिवाय मान वर करत नसे. पण गेले तीन महिने तिचे कान सशाचे झाले होते, आणि त्याचं कारण घराच्या मागच्या खोलीत मागावर बसलेलं होतं.

कारणाचं नाव ताराचंद बारापात्रे. वय एकोणऐंशी, अनुसयेचा नवरा. साऱ्या साळेकिन्ही गावाला ठाऊक होतं की ताराचंद औषधपाण्यासाठी मुलाकडे नागपुरात आहे. आणि नागपुरात मुलाला, संजीवला, ठाऊक होतं की बाबा गावात मजेत आहेत, सकाळ-संध्याकाळ पारावर जाऊन बसतात. दोन्ही बातम्या अनुसयेनेच पेरलेल्या. पहिली साफ खोटी, दुसरी अर्धी. या दोघींची कुठे गाठ पडू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसली होती.

झालं होतं असं, की पावसाळ्यात दोघं संजीवकडे राहायला गेली होती. तो धरमपेठेत साड्यांच्या दुकानात कामाला, आणि जवळच दोन खोल्यांत राहायचा. ताराचंदला विसर पडायला लागून दोन वर्षं झाली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. खुद्द सुनेला तो विचारायचा, "बाई, तुम्ही कोनाच्या?" एक दिवस दार उघडं राहिलं आणि म्हातारा निघून गेला. सापडला तो थेट कन्हानच्या पुलावर. सूत आणायला चाललो, म्हणत होता. तेव्हापासून संजीव कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागला, आणि ताराचंद आतून दारावर थापा मारत लहान पोरासारखा रडायला लागला.

मग संजीवने एक फॉर्म आणला. अशा माणसांना कायमचं ठेवून घेतात असं एक ठिकाण त्याने बघून ठेवलं होतं. "माय, मले काय हौस आहे का गं? पण आता पुन्हा एकदा असं झालं ना, तं मी सही करतो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आलेले अनुसयेने पाहिले. फॉर्मही पाहिला. आठ दिवस गावाला जाऊन येतो, असं सांगून ती निघाली आणि भर दुपारी, सारा कोष्टीपुरा झोपलेला असताना, नवऱ्याला मागच्या दाराने घरात घेतलं. परत काही ती गेली नाही.

गावात मात्र ताराचंद मागावर बसला की शहाणा होई. खड्ड्यात पाय सोडले, हातात आडवं सूत नेणारा धोटा आला, की हातांना सगळं आठवायचं. पण मागाचा खट्-खट् आवाज गल्लीभर जाणार. म्हणून अनुसयेने जुन्या गोधडीची चिंधी सूत ठोकणाऱ्या फणीच्या लाकडाला घट्ट बांधून टाकली. खट्-खटच्या जागी आता धप्-धप् व्हायचं. कोणी विचारलंच तर कपडे आपटते म्हणून सांगायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. आता एका बाईचे रोज चार-चार तास कुठले कपडे निघतात, हा प्रश्न कोणी विचारला नाही हे तिचं नशीब.

तिला सगळ्यांत जास्त भेव वाटे ते शेजारच्या कांताबाईचं. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. शिवाय तिचा पिंटू भिवापूरची मिरची टेम्पोत घालून एक दिवसाआड नागपूरला नेतो, आणि तिथे संजीवच्या दुकानाखाली दोघं मिळून चहा पितात. म्हणजे कांताबाईला कळलं की पिंटूला कळलं, आणि पिंटूला कळलं की फॉर्मवर सही झालीच म्हणून समजा. त्यातून अलीकडे कांताबाईचं वागणंही बरं नव्हतं. भाजीची वाटी द्यायची ती चांगली काठोकाठ, दोन माणसांना पुरेल एवढी. "एवढी कायले वं?" म्हणावं तर हसायची नुसती. ही आपल्याला जोखते आहे, अनुसयेने ओळखलं. त्या वाटीतली अर्धी भाजी तिने दोनदा मुद्दाम परतही केली.

किराणावाला बाबारावही तसाच. सामानाच्या पिशवीत न मागता पेपरमिंटच्या चार गोळ्या टाकायचा. पेपरमिंट खायचा ताराचंद, अनुसया नव्हे. तिने गोळ्या काढून गल्ल्यावर ठेवल्या तेव्हा बाबाराव म्हणाला, "राहू द्या, लागते." काय लागते? कोणाला लागते? त्या दिवसापासून ती दुसऱ्या आळीतल्या दुकानातून सामान आणायला लागली.

तर अशा या कोष्टीपुऱ्यात, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, एक पोरगी हातात फाईल घेऊन घरोघरी फिरत आली.

अनुसयेने दाराच्या फटीतून तिला आधीच हेरलं. जीन्स, पाठीवर निळी बॅग, पायात पांढरे बूट. आधी समोरच्या ओळीतली तीन घरं केली. मग ती कांताबाईच्या ओट्यावर टेकली. आणि काय बोलत होत्या कोण जाणे, पण वीस मिनिटं हलली नाही. कांताबाईचे हात मिरचीचे देठ खुडत होते, तोंड चालू होतं, आणि दोनदा, अनुसयेने नीट पाहिलं, दोनदा तिने हनुवटी अनुसयेच्या घराकडे वळवली. पोरीने वहीत काहीतरी लिहिलं. अनुसयेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

ती धावत मागे गेली. "अजी, आवाज नका करू. कोनी येऊन राहिलं."

"कोन? सूतवाला?"

"हो, सूतवाला. उधारी मागते. चूप बसा."

ताराचंद शहाण्यासारखा गप्प बसला. अनुसयेने मधलं दार ओढून घेतलं, पदर खोचला आणि पुढच्या चौकटीत दोन्ही हात लावून उभी राहिली. कोष्टीपुऱ्यात आलेल्या माणसाला पाणी न विचारता दारात अडवून धरायचं, असं तिच्या सासूच्या काळापासून कधी झालं नव्हतं. ते आज झालं.

"नमस्कार आजी, मी चिन्मयी. आमच्या कॉलेजकडून साळेकिन्हीची पुस्तिका काढतोय. भूगोल, इतिहास, लोकसंख्या, सगळं. आता इथे नगरपंचायत होणार आहे ना, म्हणून."

"कोनत्या गावची वं तू?"

"नागपूरची."

"नागपुरात कुठची?"

"धरमपेठ."

एवढं मोठं नागपूर पडलंय, आणि ही नेमकी धरमपेठेतून यावी? संजीवनेच धाडली असणार. आपण फोनवर रविवारी अडखळलो होतो. बाबा पारावर गेलेत म्हणालो, आणि तेवढ्यात मागून ते खोकले होते. पोरगा काही दूधखुळा नाही.

"इचार काय इचारायचं ते. मले काम हाये."

चिन्मयीने फाईल उघडून वाचायला सुरुवात केली. उत्तरेला तलाव, पूर्वेला उमरेडचा रस्ता, दक्षिणेला मिरचीची शेतं, पश्चिमेला कोळशाच्या खाणीकडे जाणारी पांदण. "बरोबर आहे ना आजी?"

"तलाव जिथं होता तिथंच हाये. जाऊन पाहून घे."

"आणि या गल्लीला मागून वाट आहे का?"

मागून वाट! अनुसयेने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "काहून? मागच्या वाटेचं काय लोनचं घालतं?"

"नकाशात दाखवायची आहे," पोरगी कशीबशी हसली. मग तिने फाईलचं पान उलटलं आणि सहज, पेन चावत विचारलं, "बरं, घरामागे किती माणसं?"

अनुसयेचे हात चौकटीवर घट्ट झाले. इतकं उघड विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. पोलीससुद्धा आडून आडून विचारतात.

"घरामांगं?" तिचा आवाज चढला. "घरामांगं कोनी नाई!"

"कोणीच नाही? म्हणजे शून्य?"

"शून्य! घरामांगं चूल हाये, इंधन हाये, एक मोडका माग हाये. मानूस कायले राहीन तिथं? तुले कोनं सांगतलं घरामांगं मानूस हाये म्हनून?"

चिन्मयीने वहीची मागची पानं चाळली. एका पानावर थांबली, अनुसयेकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि तिने काहीही लिहिलं नाही. ते न लिहिणं अनुसयेला लिहिण्याहून वाईट वाटलं. हिला आधीच कळलेलं आहे, हिला फक्त आपल्या तोंडून वदवून घ्यायचं आहे.

"शेवटचं विचारते आजी. गावात पूर्वी हातमाग किती होते? ग्रामपंचायतीत म्हणाले, पन्नासेक असतील."

"असतीन पन्नास."

"मग पन्नास लिहू?"

"लिही पन्नास, नाई तं चाळीस लिही. लिही आन् जा बाप्पा."

आणि मधल्या दारामागून आवाज आला, "कोन म्हनते पन्नास?"

अनुसयेने डोळे मिटले.

"दोनशे बारा!" दार उघडलं. बंडी, आखूड धोतर, डोक्यावर सुताचे तंतू घेऊन ताराचंद ताडताड पुढे आला. सूतवाल्याला तो घाबरला होता, उधारीला घाबरला होता, पण पन्नास हा आकडा त्याला सहन झाला नाही. "इहिरीपासून मारुतीपर्यंत एकशे चार. मारुतीपासून तलावाच्या पाळीपर्यंत एकाहत्तर. आन् खालच्या पुऱ्यात सदतीस. कर बेरीज!"

चिन्मयीने खरोखरच बेरीज केली. "दोनशे बारा," ती हळूच म्हणाली.

"मंग? पन्नास म्हने! तुम्ही लोक घरं काय मोजून राहिले? माग मोजा. हर मागाले तीन मानसं. एक विणनारा, एक सुताच्या कांड्या भरनारं, एक उभा ताना लावनारं. दोनशे बाराले तीन, सहाशे छत्तीस पोटं. लुगडे उमरेडच्या बाजारात गेले का सोमवारी सारा पुरा गोडाचं खाये." तो ओट्यावर टेकला. कोणाचा माग कोणत्या साली बसला, कोण नागपूरच्या मिलमध्ये गेला, कोण खाणीवर गेला, कोणाच्या लुगड्याचा काठ कसा होता, हे तो असा सांगत सुटला की सकाळी भाकर खाल्ली की नाही हे न आठवणारा माणूस हाच, यावर कोणाचा विश्वास बसला नसता. चिन्मयीचं पेन पळत होतं. अनुसया दारातच बसली होती. तिला अभिमान वाटत होता आणि रडू येत होतं, आणि यातलं काहीच त्या पोरीला दिसू नये असंही वाटत होतं.

"आणि तुमच्या मागाची तीन माणसं कोण, आजोबा?"

"मी," ताराचंदने एक बोट दुमडलं. "संजूची माय. आन् संजू. शाळेतून आला का कांड्या भरते. लय सफाईनं भरते." तो अनुसयेकडे वळला. "आला नाई का वं आजून?"

"येईन," अनुसया म्हणाली. संजूने शेवटची कांडी भरली त्याला पस्तीस वर्षं झाली होती.

ताराचंद समाधानाने उठला, चिन्मयीपुढे थांबला आणि अदबीने म्हणाला, "बाई, तुम्ही कोनाच्या?" उत्तराची वाट न बघता तो आत निघून गेला.

तेव्हा मात्र अनुसयेचा तोल सुटला. "झालं ना आता? मोजलं ना? आता जा, सांग संजूले. लावा कुलूप म्हना म्हाताऱ्याले. किती दिले तुले त्यानं?"

"कोण संजू?" चिन्मयी गोंधळून उभी राहिली. "आजी, मी संजू नावाच्या कोणालाच ओळखत नाही. देवाशपथ."

"मंग घरामांगं मानूस हाये हे तुले कोनं सांगतलं?"

"ते मलाच विचारायचं होतं तुम्हाला." चिन्मयीने वहीचं ते मघाचं पान उघडलं. "मी प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला. घरामागे किती माणसं, म्हणजे एका घरात किती राहतात. आमच्या फॉर्मवर तसंच छापलंय. पण इथे सगळ्यांनी भलतंच उत्तर दिलं. हे बघा, कांताबाई. 'आमच्या घरामांगं तं कोनी नाई. अनुसयाबाईच्या घरामांगं एक हाये. पन लिहू नको.'"

अनुसयेने कांताबाईच्या ओट्याकडे पाहिलं.

"हे बाबाराव किराणावाले. 'माझ्या घरामांगं गोदाम हाये. अनुसयाबाईच्या मांगं ताराचंदजी हाये. हे कागदावर नोको घेऊ, बाई.' या समोरच्या भागीरथाबाई. 'अनुसयेच्या घरामांगं एक. आन् नागपुरात बोलू नको कोनाजवळ.' अशी पाच घरं आहेत आजी. पाचही जणांनी सांगितलं आणि पाचही जणांनी लिहू नको म्हटलं. मला वाटलं, हा काय प्रकार आहे? मला तर भीतीच वाटायला लागली होती."

साळेकिन्हीत वर्गणी निघते ती 'हर घरी' निघते. घरामांगं म्हटलं की घराच्या पाठीमागेच, दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यातच येत नाही. तो अनुसयेच्याही आला नव्हता, आणि पाच शेजाऱ्यांच्याही.

पहिल्यांदा तिला राग आला, आणि तोही सणकून. म्हणजे तीन महिने हे सगळे आपली मजा पाहत होते! आपण चिंध्या बांधतो, कपडे आपटते म्हणतो, आणि ही माणसं ओट्यावर बसून गालात हसतात! मग तिला काठोकाठ भरलेली वाटी आठवली. दोन माणसांची भाजी. ती आपण अर्धी परत केली. मग पेपरमिंटच्या गोळ्या. 'राहू द्या, लागते.' राग होता तिथेच कुठेतरी विरघळला. तिने पदर तोंडाला लावला आणि हुंदका दाबत राहिली, कारण परक्या पोरीसमोर रडायची तिला सवय नव्हती.

कुंपणावरून कांताबाईचं डोकं वर आलं. इतका वेळ ती तिथेच उभी होती, हे सांगायला नको.

"मी काही नाई सांगतलं वं," ती घाईघाईने म्हणाली. "तिनं इचारलं तं तोंडातून निघून गेलं. पन लिहू नको म्हनली मी."

"तुले कधीपासून मालूम?"

"तुम्ही आले त्याच दिवशी. मी जागीच होती."

"आन् पिंटू?"

"पिंट्याले तं मीच सांगतलं. संजू इचारते ना त्याले हर खेपेले, बाबा कसे हाये म्हनून. पिंट्या म्हनते, लय मजेत, पारावर बसून राहते. तू जे सांगतं तेच तो सांगते. फरक नाई पडला पाह्यजे ना."

ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिच्या तोंडात तो तीन महिने भिजत पडला होता. अनुसया उठली, माठातून तांब्याभर पाणी आणलं आणि चिन्मयीपुढे धरलं. "घे वं. मघाशी इचारलं नाई तुले."

चिन्मयी पाणी प्यायली. मग तिने पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. "आजी, ही पुस्तिका छापली जाईल. पंचायतीत राहील, मोबाइलवरही दिसेल. तुम्ही सांगाल तेच लिहीन मी. नाही तर हे घर सोडून देते."

आतून धप्-धप् सुरू झालं होतं. अनुसया बराच वेळ ते ऐकत बसली. उद्या हा कागद संजीवच्या हाती लागला तर तो येईल, त्याच्याबरोबर तो फॉर्मही येईल, हे तिला दिसत होतं. पण सोडून दे म्हटलं तर या घरात कोणीच राहत नाही असं होईल. आणि मागावर बसलेला तो माणूस, ज्याने सारा पुरा बोटांवर मोजून दिला, तो स्वतःच मोजणीतून गळेल.

"लिही," ती म्हणाली. "घरात मानसं दोन. माग एक. चालू."

चिन्मयीने लिहिलं, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या घराकडे गेली. जाताना फॉर्मवरचा 'घरामागे' हा शब्द तिने खोडला.

अनुसया मागच्या खोलीत आली. "अजी, हात थांबवा जरा." ताराचंद थांबला. तिने फणीची गाठ दातांनी सोडवली. तीन महिन्यांत ती गाठ दगडासारखी बसली होती. चिंधी निघाली तशी तिने ती चुलीत टाकली. ताराचंदने धोटा फेकला, फणी ओढली, आणि खट्-खट् आवाज कोष्टीपुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कुंपणापलीकडून कांताबाई ओरडली, "बरं केलं वं! त्या धप्-धप्नं दुपारचा डोळा लागत नव्हता!"

मग अनुसयेने रविवारची वाट न पाहता फोन लावला.

"काय माय, आज कसा काय?" संजीवच्या मागे दुकानाची गडबड ऐकू येत होती. "हे काय वाजून राहिलं?"

"तुया बापाचा माग."

तिने त्याला सगळं सांगितलं. पारावर जाणं खोटं होतं, चिंधी खरी होती, घरामागचा माणूस खरा होता. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. कांड्या कोण भरतं, एवढंच त्याने विचारलं, आणि मीच भरते, पण मले तुयासारखी सफाई नाई, असं ती म्हणाली. मग तो म्हणाला, "पन माय, खरं सांग. उद्या ते पुन्हा निघून गेले तं? तू एकटी. हरवले तं कुठी शोधशीन?"

खट्-खट् चालू होतं. कुंपणाशी कांताबाई कान देऊन उभी होती आणि लपायचं नाटकही करत नव्हती.

"कसे हरवतीन गा," अनुसया म्हणाली. "आपल्या घरामांगं किती मानसं हाये, साऱ्या कोष्टीपुऱ्याले पाठ हाये."